अस्तर : चामड्याच्या आतल्या बाजूचा इतिहास

१/
चामड्याचे जाकीट बहुधा आतून म्हातारे होते. बाहेरचे कातडे वीस वर्षांनीही धडधाकट असते, किंबहुना अधिकच देखणे झालेले असते. पण काखेत, मानेजवळ आणि खिशाच्या तोंडाशी अस्तराच्या चिंध्या झालेल्या असतात. हात घालावा तर बाहीत न जाता फाटक्या अस्तरात शिरतो. जाकीट फेकून द्यावे की अस्तर बदलून घ्यावे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याच्या मागे आपल्या मुलखाचा एक दीर्घ इतिहास आहे. चामडे कमावणारा, ते शिवणारा, त्याला आतून कापड लावणारा आणि ते अंगावर घालणारा ही चार माणसे एका वस्तूत एकत्र आली, पण एका पंगतीत कधी बसली नाहीत. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
आरंभ शब्दांपासून करू. ‘अस्तर’ हा शब्द फारसीतून आला. शिंप्याच्या पेटीतला ‘रफू’ही तिकडचाच. ‘अस्तनी’ म्हणजे बाही. ‘अस्तनीतला निखारा’ या वाक्प्रचारातली अस्तनी आणि आपले अस्तर यांची गल्लत करू नये, दोन्ही शब्द फारसी असले तरी मुळात निराळे आहेत. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग झाला. तरीही शिंप्याच्या, चांभाराच्या आणि घोड्याच्या पागेतल्या बोलीत हे शब्द मराठीच होऊन राहिले. आज ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाईला ‘अस्तर भिजवून आणा’ असे शिंपी सांगतो, तेव्हा तो परका शब्द उच्चारतो आहे असे कोणालाच वाटत नाही.

३/
आता चामडे आणि अस्तर यांची जुनी जोडी पाहू. पहिले उदाहरण ढालीचे. हिंदुस्थानी गोल ढाल पुष्कळदा म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याची असे. कातडे घडवून, वाळवून, वर रोगण चढवून ते इतके कठीण करीत की तलवारीचा वार निसटून जावा. पुढच्या बाजूला चार धातूची फुले दिसतात. ती शोभेची वाटली तरी त्यांचे खरे काम निराळे आहे. त्यांच्यातून आरपार गेलेल्या कड्यांना मागच्या बाजूस मूठ बांधलेली असते, आणि मूठ व कातडे यांच्यामध्ये कापडाची, आत कापूस भरलेली एक छोटी चौकोनी गादी असते. वार ढालीवर बसला की त्याचा हादरा बोटांच्या सांध्यांवर येतो. गादी नसेल तर ढाल शाबूत राहील आणि हात निकामी होईल. ‘गेंड्याची कातडी’ हा आपला निबरपणासाठीचा वाक्प्रचार. पण खऱ्या गेंड्याच्या कातड्यालाही आतून मऊ गादी लावल्यावाचून माणसाला ते वापरता आले नाही.

४/
दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे, कारण मराठ्यांचे बळ घोड्यावर होते. मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोघांच्याही बुडाखाली असे ते खोगीर. ‘खोगीर’ हा शब्दही फारसी वळणाचा. ‘घाम टिपणारे’ असा त्याचा मूळ अर्थ सांगितला जातो. म्हणजे या वस्तूचे नावच तिच्या आतल्या बाजूवरून पडले आहे. वर बसणाऱ्याला दिसते ते कातडे आणि कापड. घोड्याच्या पाठीला लागते ते अस्तर आणि त्यामागची लोकर किंवा कापूस यांची भरती. दिवसाकाठी लांबलांबची मजल मारणाऱ्या घोड्याच्या घामाने ही भरती ओली होई, वाळे, पुन्हा ओली होई. मग ती गोळा होऊन घट्ट बने आणि एका जागी टोचू लागे.

५/
खोगीर टोचले की घोड्याची पाठ लागते. पाठ लागलेला घोडा काही आठवडे निरुपयोगी, आणि घोडा गमावलेला शिलेदार चाकरीवाचून राहिलेला. म्हणून अस्तर उसवून जुनी भरती काढणे, ती पिंजून किंवा बदलून पुन्हा घालणे आणि अस्तर परत शिवणे हे काम वेळच्या वेळी व्हावे लागे. यातूनच ‘खोगीरभरती’ हा शब्द आला. भरती आत दडलेली असल्याने तिथे चांगल्या लोकरीऐवजी चिंध्या, काथ्या, हाती लागेल ते कोंबले तरी वरून कळत नाही. म्हणून संख्या फुगवण्यासाठी घेतलेल्या कुचकामी माणसांना किंवा पुस्तकातल्या निरर्थक मजकुराला आपण खोगीरभरती म्हणतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची व दुसरी १८५७ ची. त्या काळी हा शब्द रुळलेला होता. आतल्या बाजूच्या कामातली लबाडी मराठी माणसाला किती परिचित होती, याचा हा भाषेने जपलेला पुरावा आहे.

६/
फौजेतून आता गावात येऊ. जळकोट हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. नळदुर्गपासून ते जेमतेम आठ किलोमीटरवर. नळदुर्गला बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटातच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, पाणीमहाल उभारला गेला. पण हे राजेशाही पाणी किल्ल्याचे. भोवतालच्या गावांत पाणी विहिरीतून येई, आणि ते वर काढणारी मोट चामड्याची असे. रुंद तोंड, खाली सोंड, दोन दोर, बैलांची धाव. मोट वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे आणि पाटाने शेतात जाई. वीज-पंप येण्यापूर्वी मराठवाड्यातील बागायतीचा जीव या चामड्याच्या पिशवीत होता.

७/
मोट सतत भिजणारी, दगडाला घासणारी. ती फाटली की पीक वाळू लागे. म्हणून तिला ठिगळ लावणे हे गावातले निकडीचे काम होते, आणि ते चांभाराकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या कामाचे आणि मोबदल्याचे बारकाईने वर्णन आढळते. बऱ्याच गावांत सुतार आणि लोहार यांच्याबरोबर चांभाराची गणना बलुत्याच्या थोरल्या कासेत होई, कारण शेतीचे चाक त्याच्यावाचून अडत असे. शिंपी मात्र बहुधा अलुतेदारांत मोडे. त्याच्यावाचून हंगाम अडत नसे. म्हणजे गरजेच्या हिशेबात चामडे शिवणारा वर आणि कापड शिवणारा खाली. मानाच्या हिशेबात मात्र हा क्रम नेमका उलटा होता.

८/
त्याआधीचा टप्पा चामडे कमावण्याचा. हे काम मुख्यतः ढोर समाजाकडे असे. कच्चे कातडे चुन्यात घालून केस काढायचे, धुऊन मांस खरवडायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. दख्खनच्या माळावर पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवड, त्याची सालही याच कामाची. एक पद्धत अशी होती की कातडेच पिशवीसारखे शिवून, त्यात सालीचे पाणी भरून ते टांगून ठेवीत. पाणी झिरपत झिरपत कातड्याला आतून कमावी. हे काम दुर्गंधीचे, हात सोलवटून काढणारे आणि आठवडेच्या आठवडे चालणारे. यातून निघालेले चामडे दणकट असे, पण ताठर. मोटेला, वहाणेला, खोगिराला ते उत्तम. अंगात घालण्याजोगे मऊ मात्र नव्हे.

९/
येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. सोवळे पाळणाऱ्या घरात पखालीतले, म्हणजे कातडी पिशवीतून आणलेले पाणी चालत नसे. पण चामड्याच्या मोटेने काढलेल्या पाण्यावर पिकलेला ऊस, भाजी आणि गहू त्याच घरातल्या देवापुढच्या नैवेद्यात येई. चामड्याचा विटाळ वस्तूला कमी आणि ती करणाऱ्या माणसाला अधिक चिकटवलेला होता. वहाण पायात चालते, ती दुरुस्त करणारा ओट्यावर चालत नाही. ढाल राजाच्या हातात शोभते, तिचे कातडे सोलणाऱ्याची वस्ती गावकुसाबाहेर.

१०/
हीच विसंगती पुढे क्रिकेटच्या मैदानावरही दिसली. पळवणकर बाळू हे चर्मकार कुटुंबातले, आपल्या काळातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात त्यांनी आधी गोऱ्यांच्या जिमखान्यात जाळ्यात गोलंदाजी केली, मग हिंदूंच्या संघाने त्यांना खेळायला घेतले. मैदानात त्यांच्या हातातला चामड्याचा चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मातीच्या वेगळ्या भांड्यात, बाहेर चहा दिला जाई. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. तरी संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यासाठी त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्यापर्यंत, १९२३ पर्यंत, थांबावे लागले.

११/
म्हणून ‘जुने कारागीर गेले, जुनी कला लोपली’ असा सरसकट उसासा टाकताना थोडे थांबावे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. चवदार तळ्याचे पाणी तर तिथे घेतले गेलेच; पण मेलेली जनावरे ओढण्याची आणि मृतमांस खाण्याची प्रथा सोडावी हा आग्रहही त्याच परिषदेचा होता. ज्यांच्यावर हे काम लादले गेले होते, त्यांनी ते नाकारणे हा स्वाभिमानाचा निर्णय होता. गावातून मृत जनावराचे कातडे येणे कमी झाले, ढोरांची कुंडे ओस पडली, यामागे कारखानी चामडे आणि वीज-पंप ही कारणे आहेतच. पण हा नकारही आहे. कलेचा ऱ्हास आणि माणसाची सुटका या दोन गोष्टी येथे एकाच वेळी घडल्या. इतिहास लिहिताना दोन्ही नोंदवाव्या लागतात.

१२/
आता अंगात घालायचे चामडे. त्यासाठी रसायनशास्त्रात एक पाऊल पडावे लागले. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले आणि चामडे पातळ, मऊ, पाण्याला तोंड देणारे निघू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ही पद्धत रुजवण्याचे प्रयत्न केले. उघड्या विमानात बसणाऱ्या वैमानिकांना आणि खंदकातल्या सैनिकांना वारा अडवणारे कपडे हवे होते. ते या चामड्याने पुरवले. अमेरिकी हवाई दलाने १९३१ साली स्वीकारलेल्या जाकिटाला आरंभी रेशमी अस्तर असे, पुढे सुती आले. चामडे वारा अडवी. पण कातडे अंगाला चिकटते, गार पडते, बाहीतून हात सरकू देत नाही. ती सोय अस्तराची.

१३/
ब्रिटिश फौजेत बिनबाह्यांचे चामडी जाकीट दोन्ही महायुद्धांत दिले गेले. त्याला आतून घोंगडीसारखे लोकरी अस्तर असे, आणि त्याचे नाव ‘जर्किन’. वाचकहो, हा शब्द ओळखीचा वाटला ना? आज आपल्याकडे कोणत्याही हिवाळी जाकिटाला, मग ते नायलॉनचे का असेना, सर्रास जर्किन म्हणतात. १९४३ ते १९४५ या काळात मराठा पलटणी याच फौजेच्या बाजूने इटलीच्या डोंगरांत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील पराक्रमासाठी तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर. युद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल ‘डिस्पोजल’ म्हणून बाजारात आला. चामड्याचे, लोकरीचे जाड कपडे, बूट, पट्टे अशा वस्तू साध्या माणसाच्या अंगावर येण्याची ती एक वाट होती.

१४/
जळकोटचे नाव लष्करी इतिहासात येते ते १३ सप्टेंबर १९४८ रोजी. हैदराबाद संस्थानावरील ‘पोलीस कारवाई’च्या पहिल्याच सकाळी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल शाबूत हस्तगत केला, नळदुर्गचा प्रतिकार मोडला, आणि सकाळी नऊच्या सुमारास चिलखती गाड्यांची तुकडी जळकोटला पोहोचली. दुपारपर्यंत पुढच्या तुकड्या उमरग्यात होत्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या कारवाईची वरची बाजू आपण दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनी पाहतो. तिच्या आतल्या बाजूला त्यानंतरच्या हिंसाचाराच्या जखमा आहेत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादचे नाव घेतले होते. इतिहासालाही अस्तर असते आणि तेही अधूनमधून उसवून पाहावे लागते.

१५/
स्वातंत्र्यानंतर मोटा थांबल्या. लोखंडी मोटा आल्या, मग तेलाची इंजिने, मग विजेचे पंप. चामड्याचे काम शहरात सरकले. मुंबईची धारावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चर्मोद्योगाचे केंद्र होती. तमिळनाडूतून आलेले चामडे कमावणारे आणि महाराष्ट्रातले चर्मकार तिथे शेजारी आले. पुढे कमावण्याचे काम वस्तीबाहेर गेले, पण जाकिटे, पिशव्या, पट्टे शिवण्याचे राहिले. तिथल्या मुख्य रस्त्याचे नाव संत रोहिदास मार्ग. राज्य शासनाचे चर्मोद्योग महामंडळही संत रोहिदासांच्याच नावाचे आहे. ते १९७४ साली स्थापन झाले. या शहरी कारखान्यात एक गोष्ट निमूटपणे बदलली. चामडे कापणारा, शिलाई यंत्रावर टीप मारणारा आणि अस्तर बसवणारा एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसू लागले. गावात ज्या दोन कसबांच्या मध्ये गावकूस होते, ती येथे एका टेबलावर आली.

१६/
आता मूळ प्रश्नाकडे. जाकिटाचे अस्तर बदलणे म्हणजे नेमके काय? पहिला नियम चामड्याच्या स्वभावातून येतो. कापडात सुई गेली की धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाल्यावर जवळ येतात. चामड्याला पडलेले भोक कायमचे. म्हणून जाणता कारागीर जुन्याच भोकांतून नवा दोरा नेतो. नवी टीप घालावीच लागली तर टाके लांब, तीन-चार मिलिमीटरचे ठेवतो. बारीक टाके घातले तर टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी ओळ तयार होते आणि चामडे तिथेच फाटते. टाचण्या लावायच्या नाहीत, चिमटे लावायचे. सुई चामड्याची, टोकाला धार असलेली.

१७/
दुसरा नियम असा की जुने अस्तर हाच नव्याचा नमुना. ते फाडून काढू नये. एकेक शिवण उसवून, तुकड्यांवर खुणा करून, इस्त्रीने सपाट करून त्यावरून नवे कापावे. तिसरा नियम बहुतेकांना चकित करतो. अस्तर चामड्यापेक्षा किंचित मोठे असावे लागते. पाठीच्या मध्यावर एक चुणी आणि खालच्या काठाशी थोडी ढील ठेवतात, म्हणजे हात पुढे घेतला की ताण अस्तरावर येत नाही. मापात तंतोतंत बसवलेले अस्तर पहिल्याच हिवाळ्यात काखेत उसवते. चौथा नियम कापडाचा. सुती अस्तर आधी भिजवून, आटवून घ्यावे. पाठीला सुती आणि बाह्यांना गुळगुळीत कापड लावणे हा चांगला मध्यम मार्ग. शेवटी एका बाहीच्या अस्तरातली शिवण उघडी ठेवून सगळे जाकीट त्यातून उलटवून घेतात आणि ती फट हाताने बंद करतात. जुन्या जाकिटाचे अस्तर खोलणाऱ्याला पूर्वीच्या कारागिराची ही शेवटची, हाताची टीप बहुधा तिथेच सापडते.

१८/
हे काम आज कोण करतो? शिंपी म्हणतो, ‘चामडे माझ्या यंत्रावर चालत नाही.’ चांभार म्हणतो, ‘कापडाचे काम शिंप्याचे.’ ही अडचण यंत्राची आणि सुईची आहे, हे खरेच. पण दोन कसबे एकमेकांना शिकवली गेली नाहीत, याला शेकडो वर्षांची व्यवस्थाही कारण आहे. ज्या गावात दोघांची मुले एका बाकावर बसू शकली नाहीत, तिथे एकाची आरी आणि दुसऱ्याची सुई एका पेटीत येणार कशी? ती आली ती धारावीसारख्या ठिकाणी, पोटासाठी. दुरुस्तीची मजुरी आपल्याला महाग वाटते, कारण बलुत्याच्या काळापासून या कामाला आपण धान्याच्या पसाभर ओंजळीपलीकडे किंमत दिली नाही.

१९/
संग्रहालयात ढाली भिंतीवर पुढच्या अंगाने टांगलेल्या असतात. रोगणाची चमक आणि धातूची फुले दिसतात. मागची गादी भिंतीकडे तोंड करून असते. पुढच्या वेळी अशी ढाल काचेच्या पेटीत, मोकळी ठेवलेली आढळली तर वळसा घालून मागे जाऊन पाहा. गादीचे कापड ढालीपेक्षा निराळ्या वयाचे दिसले तर समजावे की ती कुणीतरी बदलली आहे, बहुधा एकाहून अधिक वेळा. ढाल कुणाची होती, हे पाटीवर लिहिलेले असते. गादी कुणी बदलली, हे कुठेच लिहिलेले नसते.

२०/
तेव्हा घरात अस्तर फाटलेले जाकीट असेल तर ते टाकू नका. चामडे कोरडे करून घ्या, जुने अस्तर जपून ठेवा, आणि दोन्ही कामे जाणणारा कारागीर शोधा. तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या आणि त्याचे नाव विचारून घ्या. एवढे केले तरी या लांबलेल्या धाग्याचे सार्थक झाले.